आलोच म्हणून गेलेला

तोक्योत ओजिमाच्या सरकारी वसाहतीत नवव्या मजल्यावर लक्ष्मीकांतकाकांचं बिऱ्हाड आहे. उभा जन्म जपानात गेला तरी त्यांच्या घरी शनिवारी रात्री पिठलं-भातच असतो, आणि तो खायला आसपासची एकटी-दुकटी मराठी पोरं हटकून जमतात. त्या रात्री अनुप, नुपूर आणि वैभवी आली होती. ताटं उचलता उचलता अनुप म्हणाला, "काका, पुढच्या शनिवारी आम्ही ओशिमा बेटावर ट्रेकला चाललोय. रात्रीच्या बोटीने जायचं आणि दिवसभर चालायचं."

"वाळवंटातून?" काकांनी विचारलं.

"हो, तेच तर बघायचंय. जपानमध्ये वाळवंट!"

काकांनी हात पुसले आणि स्वयंपाकघरातला दिवा मालवला. बैठकीतला एकच छोटा दिवा राहिला.

"नुपूर, बाल्कनीचं दार सरकव बघू. वारा बोचतोय. आता ऐका, आणि मग जायचं तर जा. गोष्ट माझी नाही. सारंग नावाचा मुलगा होता, त्सुकुबाला संशोधन करायचा. त्याने इथंच, अनुप बसलाय तिथं बसून मला सांगितली. मी एरवी तिखटमीठ लावणारा माणूस आहे, ते तुम्हाला माहीत आहे. हिला लावत नाही."

आणि काका सांगू लागले.

सारंग मुलगा चांगला होता, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढे त्याला नावं ठेवाल. पुण्यात असताना दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गडावर असायचा. इथं आल्यावर त्सुकुबा-ग्योतोकुकडच्या पोरांचा एक गट जमला. सौमित्र आणि विभा हे नवरा-बायको त्याचे म्होरके. नियम आपल्या सह्याद्रीतलेच. सौमित्र सगळ्यांत पुढे, आणि सारंग सगळ्यांत मागे. मागचा माणूस म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. पुढचा कितीही रेंगाळो, त्याच्यापुढे जायचं नाही. शेवटचा तो शेवटचाच.

तर दोन हजार चोवीस सालची गोष्ट. ग्योतोकुची संपदा त्यांच्याबरोबर ट्रेकला जायची. त्या वेळी तिला पाळणाघरातल्या नोकरीतून सुट्टी मिळाली नाही. तिचे वडील विनयराव नाशिकहून तिच्याकडे आले होते. सदुसष्टीचा माणूस, शाळेत भूगोल शिकवलेला, उभा सह्याद्री दोनदा पालथा घातलेला. गुडघे तेवढे कुरकुरायला लागले होते. संपदाने सारंगला फोन केला.

"सारंग, बाबांना घेऊन जाशील का रे? घरात बसून कंटाळलेत. फक्त नेऊन परत आणायचं, एवढंच काम आहे. आणि येताना कामेलियाच्या तेलाची बाटली आण, तिथलं चांगलं असतं म्हणतात."

"काकांना? अगं, माझ्यावर सोड," सारंग म्हणाला.

शुक्रवारी रात्री बोटीत बसले, शनिवारी उजाडता बेटावर उतरले. तारीख तीस नोव्हेंबर. आपल्याकडे कार्तिकी अमावस्या. रात्री बंदराजवळच्या एका घरगुती लॉजवर मुक्काम ठरलेला होता. दिवसभर डोंगर ओलांडून पलीकडच्या किनाऱ्याला उतरायचं, आणि तिथून शेवटची बस धरून लॉजवर परत यायचं.

चाल मोठी सुरेख होती. आधी कोळ्यांच्या घरांमधल्या बोळातून, मग कामेलियाच्या झाडांमधून, इतक्या दाट की दुपारीही सांजावल्यासारखं वाटावं. मग चढ. मग रान एकदम संपलं आणि समोर ज्वालामुखी. कधीकाळी वाहून थिजलेला लाव्हा, करपलेल्या खरवडीसारखा. तोंडाशी वाफा. विनयरावांना काय आनंद झाला म्हणता! आयुष्यभर फळ्यावर खडूने काढलेलं चित्र पायाखाली आलं होतं. खाली वाकून दगड उचलायचे, वास घ्यायचे, परत ठेवायचे. सारंग मागे उभा. पहिल्या तासाला त्याला कौतुक वाटलं. चौथ्या तासाला नाही वाटलं.

दुपारी ज्वालामुखीचा काठ ओलांडून ते पलीकडच्या अंगाला उतरले, आणि वाळवंट लागलं. आपण समजतो तसं पिवळं नव्हे. काळं. झाड नाही, घर नाही. सगळीकडे काळी भरड रेती, आणि चालताना चुरमुरे तुडवावेत तसा आवाज. वाट दाखवायला थोड्या थोड्या अंतरावर लाकडी खांब. बास.

आणि तिथं धुकं आलं.

समुद्रावरून आलं आणि बघता बघता पुढचे लोक त्यात गेले. सौमित्रची शिट्टी एकदा ऐकू आली. मग तीही नाही. विनयरावांचा गुडघा धरला होता. चार पावलं टाकायची आणि थांबायचं. दिवस कलत आला होता. नोव्हेंबरात इथं साडेचारला दिवेलागण होते, तुम्ही रोज बघताच. सारंगच्या डोक्यात एकच घोळत होतं, बस चुकणार. आणि खरं सांगायचं तर तो वैतागला होता. दुसऱ्याचा बाप सांभाळत आपण काळोखात का मरायचं, असं त्याच्या मनात आलं. हे त्याने मला स्वतः सांगितलं, खाली मान घालून.

एका खांबापाशी तो थांबला. म्हणाला, "काका, तुम्ही इथंच थांबा. खांब सोडू नका. मी पुढे पळत जाऊन सौमित्रला बस थांबवायला सांगतो. आलोच."

विनयरावांनी त्याच्याकडे पाहिलं. मागचा माणूस पुढे जात नसतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. पण बोलले इतकंच, "बरं. ये."

सारंग पळाला. वाळवंटाच्या टोकाला गवत लागतं, आणि पुढे रानात शिरणारी एक वाट. तिथं पोचला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की सौमित्र केव्हाच खाली उतरलाय. तो मागे वळला. मागे नुसतं धुकं, आणि त्यात काळोख मिसळायला लागलेला. एकही खांब दिसेना. परत आत जायचं?

भ्याला तो. त्याने हाक मारली, "काका!" एकदाच, आणि तीही हळू. हळू का, तर उत्तर आलं असतं तर जावं लागलं असतं.

उत्तर आलं नाही. सारंग खाली उतरला.

लक्ष्मीकांतकाका थांबले. नुपूरने पांघरूण गुडघ्यांवर ओढून घेतलं. "म्हणजे सोडून आला?" वैभवीने विचारलं.

सोडून आला.

खाली बस उभी होती. ड्रायव्हर हातमोजे घालून घड्याळाकडे बघत होता. सगळी मंडळी आत. विभाने विचारलं, "सारंग? काका कुठायत?"

हीच ती वेळ होती. 'मी त्यांना वर सोडून आलोय, चला माझ्याबरोबर,' इतकंच म्हणायचं होतं. सहा जणं होती, टॉर्च होते. पण सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. तो म्हणाला, "येतायत. मागेच आहेत."

म्हणून बसला. आता ते मागे घेता येईना. दर क्षणाला ते आणखी खोटं होत चाललं होतं, आणि तो नुसता रानाच्या तोंडाकडे बघत उभा होता. सौमित्र ड्रायव्हरची हात जोडून माफी मागत होता, "सुमिमासेन, एकच मिनिट."

आणि रानातून विनयराव आले.

टॉर्च नाही. काठी नाही. गुडघा दुखणारा माणूस, पण संथ, सरळ चालत आला. टाळ्याच वाजवल्या सगळ्यांनी. विनयराव बसमध्ये चढले, दम खाल्ला आणि म्हणाले, "अरे, सारंगनेच आणलं मला. रानाच्या तोंडापर्यंत माझ्या मागे होता. मग मीच त्याला म्हटलं, पळ आता, बस थांबव."

सौमित्रने सारंगच्या पाठीवर थाप मारली. विभाने संपदाला मेसेज केला, 'तुझे बाबा सुखरूप, सारंगने जिवापाड सांभाळलं.' सारंग खिडकीकडे तोंड करून बसला. तुम्हाला सांगतो पोरांनो, शिवी पचते. खोटं कौतुक घशात अडकतं. त्याला फक्त एक गोष्ट दिसली. विनयरावांच्या उजव्या हातात मोरपंखी लोकरीचा हातमोजा होता. डावा हात उघडा होता.

लॉजवर दोघांना एक खोली. तातामीच्या चटयांवर दोन गाद्या, मध्ये हातभर जागा. जेवण झालं, दिवे मालवले. खाली समुद्राचा आवाज. सारंगला झोप कुठली! बऱ्याच वेळाने तो अंधारातच म्हणाला, "काका… माझं चुकलं."

"हं."

"तुम्ही सगळ्यांना खोटं का सांगितलंत?"

"तुझं नाक कापून मला काय मिळणार होतं?" विनयराव म्हणाले. मग म्हणाले, "आणि अर्धं खरंच होतं. माझ्या मागे कुणीतरी होतं."

सारंग उठून बसला.

"तू गेल्यावर मी खांबाला टेकून उभा राहिलो. अंधारायला लागलं. शिट्टी वाजवली. मग मागून पावलं आली. त्या रेतीत आवाज होतोच. मला वाटलं, तू चुकून वळसा घालून मागून आलास. सॅकच्या वर पट्टा असतो ना, उचलायचा? तो कुणीतरी धरला. आणि जरासं पुढे ढकललं. चला, अशा अर्थाने."

"मग?"

"मग चाललो. वाट चुकलो की पट्टा ओढला जायचा. बरोबर चाललो की सैल. मी म्हटलं, सारंग, शहाणा आहेस रे. उत्तर नाही. म्हटलं, दमला असशील. मागे वळून पाहिलं नाही. आपली रीतच आहे, मागच्याला वळून तपासायचं नसतं. त्याच्यावर टाकायचं आणि चालायचं."

समुद्र. नुसता समुद्र.

"एकदा बोटं मानेला लागली. सारंग, काय सांगू… बर्फ. मी म्हटलं, बाळा, गारठलास. डावा हातमोजा काढला आणि न वळता मागे धरला. तो घेतला गेला."

सारंगला माहीत होतं ते हातमोजे कुणाचे. संपदाच्या आईने, सुहासिनीबाईंनी विणलेले. त्या जाऊन दोन वर्षं झाली होती. दिवसभरात तीनदा विनयरावांनी त्या हातमोज्यांवरून हात फिरवलेला त्याने बघितला होता.

"तेव्हा माझ्या ध्यानात आलं," विनयराव म्हणाले. "पावलांचा आवाज… केव्हाचा एकाचाच येत होता."

सारंगने वळून दाराकडे पाहिलं.

"गवताशी आलो. पट्टा सुटला. तेव्हा मात्र मी वळलो."

"काय… काय दिसलं?"

विनयरावांनी कूस बदलली.

"रेतीच्या कडेला उभा होता. धुक्यात. तोंड नीट दिसलं नाही. मी म्हटलं, चल. आला नाही. तो कुणाची तरी वाट बघत होता."

"कुणाची?"

"जो त्याला 'आलोच' म्हणून गेला असेल, त्याची."

पहाटे विनयरावांनी उजवा हातमोजा सारंगच्या उशाशी ठेवला. "त्याचा एक हात अजून गारच असेल. मला काही आता वर जायला जमणार नाही. तू जा, देऊन ये. आणि त्याला सांग… काय सांगायचं ते तुझं तू बघ."

"बायकोचा हातमोजा?" अनुप पुटपुटला. "ती असती तर तिनेच आधी दिला असता," काका म्हणाले. "पुढे ऐक."

रविवारी आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. बाकीची मंडळी गरम पाण्याच्या कुंडावर गेली. सारंग पहिल्या बसने एकटा गेला. दिवसाउजेडी त्या रेतीत भिण्यासारखं काही नव्हतं. खांब सरळ रांगेत दिसत होते. आदल्या दिवशी ज्या खांबापाशी त्याने विनयरावांना सोडलं होतं, तो त्याला लगेच सापडला. जपानी लोक रस्त्यात पडलेला हातमोजा उचलून कुंपणाच्या खुंटीवर घालून ठेवतात ना, ज्याचा असेल त्याला दिसावा म्हणून? तसा त्याने तो मोरपंखी हातमोजा खांबाच्या टोकावर घातला. बोटं वर.

हात जोडले. मोठ्याने म्हणाला, "मी काकांना सोडून पळालो. खोटं बोललो. तुम्ही त्यांना आणलंत. माझी चूक झाली." डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. मन हलकंही झालं. आता मला सांगा, जिथं ऐकायला माणूस नाही तिथं माफी मागायला काय जातं? ज्या लोकांनी त्याची पाठ थोपटली होती, त्यांच्यापुढे तो अजून तोंड मिटूनच होता. हे त्याला तेव्हा कळत होतं. कळत होतं म्हणून तो भराभर निघाला.

आणि निघताना, सवयीने, जसं आपण कुणाच्याही घरातून निघताना म्हणतो, मागे न बघता तो म्हणाला…

"येतो."

नुपूरने तोंडावर हात ठेवला.

आपल्यात 'जातो' म्हणत नाहीत. लहानपणी आई टोकते, येतो म्हणावं. त्याच्या मनातही काही नव्हतं. वाऱ्यावर शब्द गेला आणि तो उतरला. मागे पावलं नाहीत, स्पर्श नाही. ऊन, वारा, पक्षी. बस मिळाली. तेलाची बाटली घेतली. दुपारच्या बोटीला सगळ्यांना गाठलं.

बोट सुटली. डेकवर सगळे ऊन खात बसले होते. सारंगने सॅक पाठीवरून उतरवून बाकावर ठेवली. विभा समोर होती. ती म्हणाली, "अय्या, काकांचा हातमोजा! सारंग, तुझ्या सॅकला कसा?"

सारंगने पाहिलं.

सॅकच्या वरच्या पट्ट्याला हातमोजा होता. अडकलेला नव्हता. धरून होता. चारी बोटं पट्ट्याभोवती वळलेली, अंगठा वरून दाबलेला, मूठ घट्ट. आत ओली काळी रेती, ठासून भरलेली. सौमित्रने सोडवायला पाहिलं. बोटं उलगडेनात.

डावा होता तो. डावा.

विनयराव उठून जवळ आले. त्यांनी हातमोज्याला हात लावला नाही. सारंगकडे बघत म्हणाले, "निघताना त्याला काय म्हणालास?"

"येतो… म्हणालो."

विनयरावांनी डोळे मिटले.

तेव्हा सारंग कोसळला. सगळ्यांसमोर, बाकावर बसून त्याने सगळं सांगितलं. खांब, ती हळू मारलेली हाक, 'येतायत मागेच'. शरमेने त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. कुणी त्याला बोललं नाही. कुणी पाठीवर हातही ठेवला नाही. तोक्योपर्यंत विनयराव तेवढे त्याच्या शेजारी बसून राहिले.

संपदाच्या दारात तेलाची बाटली दिली आणि तिलाही त्याने सांगितलं. तिने बाटली घेतली, दार लावून घेतलं. तिचंही काय चुकलं?

लक्ष्मीकांतकाका दोन घोट पाणी प्यायले. बाल्कनीच्या काचेवर वारा आपटत होता.

"मग तो गेला का परत ओशिमाला?" वैभवीने विचारलं.

"दोनदा बंदरावर गेला. दोन्ही वेळा बोट सुटताना बघत उभा राहिला. मार्चमध्ये संशोधन अर्धवट सोडून भारतात गेला. त्याच्या आदल्या रात्री इथं आला होता, तेव्हाच हे सगळं सांगितलं. निघताना दारात बूट घातले, आणि मला म्हणाला, 'काका, जातो.' इतक्या वर्षांत माझ्या दारातून 'जातो' म्हणून गेलेला तो एकटाच."

शेवटची गाडी गाठायची होती. तिघं उठली, दाराशी आली, खाली वाकून बूट घालायला लागली. अनुपने काकांकडे पाहिलं. रोजचा शब्द त्याच्या ओठांवर आला आणि तिथंच राहिला. त्याने नुसता नमस्कार केला.

नुपूर सगळ्यांत मागे होती. तोल सावरायला तिने बुटांच्या कपाटावर हात टेकला, आणि हाताखाली काहीतरी मऊ लागलं. तिने पाहिलं. मोरपंखी लोकर. चार बोटं आत वळलेली, मूठ मिटलेली.

"काका… हा इथं…"

"हो. सारंगच मागे ठेवून गेला. न्यायचं धाडस झालं नाही त्याचं," काका म्हणाले. "राहू दे तिथंच."

डिसेंबरची रात्र होती. दारातली फरशी बर्फासारखी गार होती, कपाटाचं लाकूड गार होतं, तिची स्वतःची बोटं गार होती.

हातमोजा उबदार होता.